तयार घ्यावा की जोडून घ्यावा?

मुलामुलींनो, घरात संगणक घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो पैशांचा. तो अब्बा आणि अम्मी सोडवतात. दुसरा प्रश्न तुमचा असतो : "त्यावर गेम चालेल ना?" आणि मग तिसरा प्रश्न निघतो, ज्याचे उत्तर घरात सहसा कोणालाच ठाऊक नसते. कंपनीने बनवून खोक्यात बंद केलेला तयार संगणक घ्यावा, की सुटे भाग विकत आणून आपणच जोडावा?

सुटे भाग म्हणजे ज्यांना आपण उर्दूत 'पुर्जे' म्हणतो ते. दुकानदार तयार संगणकाला 'ब्रँडेड' म्हणतात आणि सुट्या भागांपासून बनवलेल्या संगणकाला 'असेंबल्ड' म्हणतात. या पाठात आपण त्यांना 'तयार' आणि 'जोडलेला' असे म्हणू.

कपड्यांच्या दुकानातही असेच दोन प्रकार असतात. एक शिवलेला शर्ट, दुसरे शर्टाचे कापड. शिवलेला शर्ट लगेच अंगात घालता येतो. पण शिवण किती पक्की आहे ते तुम्हांला दिसत नाही. कापड घेतले तर ते निवडता येते, मात्र शिंप्याकडे खेपा घालाव्या लागतात. संगणकाचेही तसेच आहे. फरक इतकाच की शर्टाची कॉलर फाटली तर दुसऱ्या शर्टाची कॉलर त्याला बसत नाही, आणि संगणकाचा एखादा भाग बिघडला तर दुसऱ्या कंपनीचा भाग बहुधा बसतो.

हे कसे शक्य झाले? घरातला जुना बल्ब आठवा. बल्ब कोणत्याही कंपनीचा असो, तो भिंतीवरच्या होल्डरमध्ये बसतो, कारण सर्व कंपन्यांनी एकच माप मान्य केले आहे. संगणकाच्या बाबतीत याची सुरुवात १९८१ साली झाली. त्या वर्षी आयबीएम या अमेरिकन कंपनीने आपला 'पर्सनल कॉम्प्युटर' बाजारात आणला. तो लवकर तयार व्हावा म्हणून कंपनीने सगळे भाग स्वतः बनवले नाहीत. प्रोसेसर इंटेल या कंपनीचा घेतला, तर यंत्र चालवणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टकडून घेतली. यंत्राची रचना कशी आहे, तेही छापून प्रसिद्ध केले. मग काय! इतर कंपन्या तसेच संगणक आणि त्यांत बसणारे भाग बनवू लागल्या. पुढे १९९५ साली इंटेलने 'एटीएक्स' नावाचे माप ठरवले. मदरबोर्ड किती लांब, किती रुंद, स्क्रूची भोके कोठे, हे त्यात नक्की केलेले आहे. आजही दुकानातले बहुतेक भाग याच मापाला धरून असतात.

आपल्याकडे सुट्या भागांचा सर्वांत प्रसिद्ध बाजार म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण लोकांच्या तोंडी जुने नावच राहिले आहे. लॉर्ड लॅमिंग्टन हे १९०३ ते १९०७ या काळात मुंबई प्रांताचे गव्हर्नर होते. या रस्त्यावर आधी रेडिओचे आणि इतर विद्युत उपकरणांचे भाग मिळत. नंतर त्याच दुकानांत संगणकाचे भाग आले. घोडबंदर रोडवरून तेथे जायचे तर बसने ठाणे स्टेशन गाठावे, लोकलने दादरला जावे, तेथे पश्चिम रेल्वेची गाडी पकडून ग्रँट रोडला उतरावे आणि पूर्वेच्या बाजूने बाहेर पडावे. रविवारी मात्र जाऊ नका. त्या दिवशी बहुतेक दुकाने बंद असतात.

आता गेमच्या संगणकात वेगळे काय असते ते पाहू. त्यासाठी एक सोपे गणित करा. साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार केला तर २०,७३,६०० ठिपके होतात. गेममधले चित्र हलते दिसावे, अडखळू नये, म्हणून ते सेकंदाला सुमारे ६० वेळा नव्याने काढावे लागते. म्हणजे एका सेकंदात १२,४४,१६,००० ठिपक्यांचे रंग ठरवायचे! पत्र लिहिण्याच्या किंवा हिशेब करण्याच्या संगणकाला एवढे काम कधीच पडत नाही. हे काम करण्यासाठी वेगळा भाग असतो. त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. गेमच्या संगणकात बहुधा हाच सर्वांत महाग भाग असतो. एकूण रकमेतला तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक पैसा एकट्या कार्डावर जातो.

बाकीचे भाग थोडक्यात सांगतो. प्रोसेसर हिशेब करतो. रॅम म्हणजे चालू कामाची जागा. एसएसडीमध्ये गेम आणि फाइली साठवल्या जातात. मदरबोर्डावर हे सारे भाग बसतात. एसएमपीएस वीज पुरवतो. कॅबिनेट म्हणजे वरची पेटी. पेटीतले रंगीत दिवे पाहून भुलू नका. दिव्यांनी गेम वेगाने चालत नाही.

आता नीट लक्ष द्या, कारण घरचा पैसा बुडतो तो येथेच.

समजा, ओवळ्याच्या एका मुलाने मोबाईलवर जाहिरात पाहिली : 'गेमिंग संगणक, आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड.' किंमत बाजारापेक्षा पुष्कळ कमी. मुलाला ठाऊक आहे की आय-थ्रीपेक्षा आय-फाइव्ह मोठा आणि आय-फाइव्हपेक्षा आय-सेव्हन मोठा. त्याने अब्बांना गळ घातली. संगणक घरी आला. दिवे छान लागले. गेम मात्र चालेना. जाहिरातीत खोटे काही लिहिलेले नव्हते. फक्त एक आकडा लिहिलेला नव्हता.

तो आकडा पिढीचा. इंटेलने 'आय७-२६००' हा प्रोसेसर जानेवारी २०११ मध्ये आणला. नावातल्या रेघेनंतर २ हा अंक आहे, म्हणजे ती दुसरी पिढी. 'आय३-१२१००' हा प्रोसेसर २०२२ मधला आहे. रेघेनंतर १२ आहे, म्हणजे बारावी पिढी. नावाने धाकटा असलेला हा आय-थ्री त्या जुन्या आय-सेव्हनला सहज मागे टाकतो. मधल्या अकरा वर्षांत सारेच बदलले आहे. त्या जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ ही प्रणाली चालवायला मायक्रोसॉफ्टची मान्यता नाही, आणि विंडोज १० ची नेहमीची मोफत देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणून दुकानदार 'आय-सेव्हन आहे' एवढेच म्हणाला तर विचारा, "कोणत्या पिढीचा? पूर्ण क्रमांक काय?" इंटेलने २०२३ च्या अखेरीपासून 'कोअर अल्ट्रा' अशी नवी नावेही सुरू केली आहेत आणि एएमडी ही कंपनी आपल्या प्रोसेसरांना 'रायझेन' म्हणते. नाव कोणतेही असो, पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि तो प्रोसेसर कोणत्या साली आला ते शोधा.

ग्राफिक्स कार्डाचीही तीच गोष्ट. '४ जीबी' हे कार्डाच्या मेमरीचे माप आहे, ताकदीचे नव्हे. पाण्याची टाकी मोठी असली म्हणून नळाला धार मोठी येते असे नाही. 'जीटी ७३०' हे कार्ड २०१४ साली आले, तेही साध्या कामासाठी. त्याची ४ जीबीची आवृत्तीही मिळते. स्वस्त 'गेमिंग' संगणकात पुष्कळदा असलेच कार्ड निघते. म्हणून कार्डाचाही पूर्ण क्रमांक विचारा.

याहून लपलेला भाग म्हणजे एसएमपीएस. भिंतीतल्या पिनमधून २३० व्होल्टची वीज येते. संगणकाच्या आतल्या भागांना १२ व्होल्ट, ५ व्होल्ट अशी लहान वीज लागते. हा बदल एसएमपीएस करतो. तो दिसत नाही, त्याने गेमचा वेग वाढत नाही, म्हणून पैसे वाचवायचे झाले की सर्वांत आधी त्याच्यावरच कात्री चालते. तयार संगणक विकणारेही असे करतात आणि जोडून देणारेही करतात. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणारा एसएमपीएस घरच्या साध्या संगणकाला चालेल; गेमच्या संगणकाला मी तो कधीच लावू देणार नाही. हलका एसएमपीएस जाताना कधी कधी एकटा जात नाही. शेजारचा मदरबोर्ड किंवा महागडे कार्डही घेऊन जातो.

किती वॅटचा एसएमपीएस लागेल, तेही गणितानेच काढू. 'आरटीएक्स ४०६०' हे २०२३ मधले कार्ड ११५ वॅट वीज घेते. 'आय५-१२४००' हा प्रोसेसर जोरात चालताना ११७ वॅटपर्यंत जातो. बेरीज २३२. पंखे, रॅम, एसएसडी, मदरबोर्ड मिळून आणखी पन्नास-साठ वॅट धरा. सुमारे ३०० वॅट झाले. तरी कार्डाची कंपनी ५५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. का बरे? कारण गेममध्ये अचानक मोठे दृश्य आले की विजेची मागणी क्षणभर एकदम उसळते. शिवाय कोणतेही यंत्र सतत पूर्ण ताकदीने राबवले तर तापते आणि लवकर झिजते. एसएमपीएसवर '८० प्लस' असे चिन्ह असते. त्याचा अर्थ, घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्के वीज तो कामाला लावतो, बाकीची उष्णता होऊन जाते. हे चिन्ह वीज किती वाया जाते ते सांगते. टिकाऊपणा सांगत नाही. टिकाऊपणाचा अंदाज वॉरंटीच्या वर्षांवरून येतो.

याच आकड्यावरून विजेचे बिलही कळते. ३०० वॅटचा संगणक रोज तीन तास चालला तर ९०० वॅट-तास, म्हणजे एक युनिटहून थोडे कमी. महिन्याचे २७ युनिट. रोज किती तास खेळावे, हा मात्र या पाठाचा विषय नाही. तो अम्मीचा विषय आहे.

रॅमबद्दल एकच गोष्ट सांगतो. १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते आणि गेम अधिक सुरळीत चालतात. तयार संगणकात पुष्कळदा एकच पट्टी असते. रॅमच्या जागा रिकाम्या असतील तर ही उणीव पुढे भरून काढता येते.

आता तुम्ही म्हणाल, "मग तयार संगणक वाईटच की!" तसे नाही. त्याची मोठी सोय आहे ती हमीची. हमी म्हणजे उर्दूतली ज़मानत. चांगल्या कंपनीच्या तयार संगणकाला सहसा एक वर्षाची हमी असते, आणि पुष्कळ कंपन्यांचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. एकच कंपनी, एकच फोन क्रमांक. जोडलेल्या संगणकात प्रत्येक भागाची हमी निराळी असते. पेटीबंद प्रोसेसरला तीन वर्षे, कार्डाला बहुधा तीन वर्षे, काही एसएमपीएसना पाच वर्षे किंवा त्याहून अधिक. वर्षे जास्त आहेत; पण बिघाड कोणत्या भागात आहे, हे आधी तुम्ही शोधायचे आणि त्या त्या कंपनीच्या केंद्रावर तो भाग तुम्हीच न्यायचा. अब्बा सकाळी आठला कामावर जाऊन रात्री येत असतील, तर ठाण्याहून मुंबईच्या खेपा कोण घालणार? ज्या घरात असे माणूस नाही, त्या घराने थोडे पैसे जास्त देऊन घरपोच दुरुस्तीचा तयार संगणक घेतला तर मी त्याला शहाणपणच म्हणेन.

तयार संगणकात दुसरी अडचण असते. काही मोठ्या कंपन्या मदरबोर्ड आणि एसएमपीएस आपल्याच वेगळ्या मापाचे बनवतात. दोन वर्षांनी मोठे कार्ड घालायला गेलात तर एसएमपीएस पुरत नाही, आणि बाजारातला एसएमपीएस त्या पेटीत बसत नाही. खरेदीच्या आधीच विचारावे, "यात बाजारातला साधा एटीएक्स एसएमपीएस बसतो का?" दुकानदाराला उत्तर देता आले नाही तर समजून घ्या.

आणि स्वस्त काय पडते? साधारणपणे तेवढ्याच पैशांत जोडलेल्या संगणकात अधिक चांगले भाग येतात. पण हा नियम दर वर्षी खरा ठरत नाही. २०२० ते २०२२ या काळात जगभर चिपांचा तुटवडा होता. त्यातच आभासी चलन मिळवण्यासाठी लोक ढिगाने ग्राफिक्स कार्डे घेत होते. सुटे कार्ड छापील किमतीच्या कितीतरी वर विकले जाई. कंपन्यांना मात्र कार्डे ठोक भावात मिळत, म्हणून त्या काळी कधी कधी तयार संगणकच स्वस्त पडे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या चलनाची पद्धत बदलली आणि कार्डांची ती मागणी ओसरली. मग २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती भराभर चढल्या, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठमोठी केंद्रे मेमरी उचलू लागली. तेव्हा मागच्या वर्षीच्या भावावर विसंबू नका. ज्या आठवड्यात घ्यायचे त्या आठवड्यात दोन्हींचे भाव कागदावर शेजारी शेजारी मांडा. त्यात विंडोजची किंमतही धरा. तयार संगणकात ती बहुधा आलेली असते. जोडलेल्यात वेगळी घ्यावी लागते. दुकानदार चोरीची विंडोज 'फुकट' घालून देतो म्हणाला तर नको म्हणा. लिनक्स ही प्रणाली मात्र खरोखर फुकट आणि कायदेशीर आहे. तिच्यावर आता विंडोजचे पुष्कळ गेम चालतात, सगळे नाही.

आपल्याकडे या दोहोंच्या मधली एक वाटही आहे आणि मला तीच सर्वांत पसंत आहे. भागांची यादी तुम्ही करायची आणि सगळे भाग एकाच दुकानातून घेऊन त्याच्याकडूनच जोडून घ्यायचे. लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ठाणे स्टेशनजवळच्या दुकानांत काय, सगळे भाग एका ठिकाणी घेतले तर बरेच दुकानदार थोड्या मजुरीत किंवा मजुरी न घेता संगणक जोडून देतात. जोडताना समोर बसून राहा. खोकी आपल्यासमोर उघडायला सांगा. प्रोसेसर पेटीबंद आहे की सुटा, ते पाहा. सुट्या प्रोसेसरला बाजारात 'ट्रे' म्हणतात. त्याची हमी पुष्कळदा फक्त दुकानदाराच्या शब्दावर असते. संगणक चालू झाल्यावर पडद्यावर प्रोसेसर, रॅम आणि कार्ड यांची नावे येतात, ती यादीशी ताडून पाहा. एखादा भाग पहिल्याच दिवशी बंद निघाला तर तो बदलून देण्याची जबाबदारी त्या एकाच दुकानाची राहते. ज्याला यादी वाचता येते, त्याला तयार संगणकाच्या दुकानातही कोणी सहज फसवू शकत नाही.

तरीही काहींना स्वतःच जोडायचा असतो, आणि ती हौस चांगली आहे. एक दुपार आणि एक मध्यम आकाराचा स्क्रू ड्रायव्हर एवढे पुरे. हात लावण्याआधी धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत ही काळजी अधिक घ्यावी लागते. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो आणि तसाच त्रिकोण मदरबोर्डावर असतो. दोन्ही जुळवून प्रोसेसर नुसता ठेवायचा, दाबायचा नाही. रॅमच्या पट्टीला खाच असते. ती उलटी बसतच नाही. मदरबोर्डाखाली पितळेचे छोटे खांब लावायला विसरू नका, नाहीतर बोर्ड पेटीच्या पत्र्याला टेकून शॉर्ट होईल. सर्वांत कंटाळवाणे काम म्हणजे पेटीच्या बटणाच्या बारीक तारा जोडणे. तेथे मदरबोर्डाच्या पुस्तिकेतले चित्र पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. मग बटण दाबावे. पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो! घाबरू नका. रॅम पुन्हा काढून 'टक्' असा आवाज येईपर्यंत बसवा. आणि मॉनिटरची तार मदरबोर्डाला नव्हे, ग्राफिक्स कार्डाला जोडली आहे ना, ते बघा. चुकीच्या जागी तार लावून 'कार्ड खराब आहे' म्हणत दुकानात परत जाणारे ग्राहक नेहमीचेच आहेत.

तयार संगणक घरपोच मागवला तरी एक काम तुम्हांलाच करावे लागते. घोडबंदर या नावातला 'बंदर' उर्दूतलाच. जहाजे लागतात ती जागा. आज मात्र या भागात माल येतो तो ट्रकांतून आणि टेंपोतून. पावसाळ्यात गायमुखच्या घाटाचे खड्डे तुम्ही पाहिलेच असतील. ग्राफिक्स कार्ड जड असते आणि एका बाजूनेच धरलेले असते. वाटेत आदळआपट झाली की ते आपल्या जागेतून थोडे निसटते. म्हणून तयार संगणक आला की वीज लावण्याआधी पेटीची बाजू उघडता येते का ते पाहा, आत कार्ड नीट बसले आहे का आणि फोमचा तुकडा राहिला आहे का ते तपासा. पेटी उघडल्याने हमी जाते का, हे मात्र आधी विचारून घ्या. खोके उघडतानाचे चित्रण मोबाईलवर करून ठेवा.

आपल्या भागाची हवाही लक्षात घ्यायला हवी. रस्त्याच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला येऊरचे डोंगर. पावसाळ्यात भिंतीला ओल येते. कोरड्या दिवसांत रहदारीची आणि मेट्रोच्या बांधकामाची धूळ. गेमचा संगणक पंख्यांनी हवा आत ओढतो, म्हणजे धूळही ओढतो. धुळीची चादर साचली की उष्णता अडकते आणि प्रोसेसर आपोआप मंद होतो. खरेदी करताना ज्या कॅबिनेटला निघणारी जाळी आहे ते घ्या, आणि दर महिन्याला जाळी धुऊन, पूर्ण वाळवून बसवा. संगणक जमिनीवर ठेवू नका. खिडकीखालीही नको.

विजेचेही तसेच. वीज जाते-येते तेव्हा दाब कमी-जास्त होतो. घरातल्या पिनला अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. पेटीच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या आल्या तर ते अर्थिंग नसल्याचे लक्षण असू शकते. यूपीएस घेताना पुन्हा आकडे वाचा. '६०० व्हीए' लिहिलेला यूपीएस सहसा ३६० वॅटच पुरवतो. त्यावर ३०० वॅटचा संगणक आणि मॉनिटर लावला, तर वीज जाताच यूपीएसही मान टाकील. यूपीएस खेळ चालू ठेवण्यासाठी नसतो. संगणक रीतसर बंद करायला पाच मिनिटे मिळावीत, एवढेच त्याचे काम.

शेवटी पावतीकडे वळू. जीएसटीचे बिल मागा. सुट्या भागांवर १८ टक्के कर असतो आणि 'बिल नको असेल तर स्वस्त देतो' असे ऐकायला येतेच. बिलाशिवाय हमी मागायला तोंड राहत नाही. बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या. काही बिले अशा कागदावर छापतात की वर्षभरात अक्षरे उडून जातात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. दुकानदाराने किंवा कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. त्याने एक मोठी सोय केली. वस्तू मुंबईत घेतलेली असली तरी ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे लॅमिंग्टन रोडवर घेतलेल्या कार्डाची तक्रार ठाण्यात चालते. त्यासाठी बिल लागतेच, आणि कार्डाचे रिकामे खोकेही हमी संपेपर्यंत माळ्यावर जपून ठेवावे. अनुक्रमांकाची चिठ्ठी बहुधा त्या खोक्यावरच चिकटवलेली असते.